तणसाचं वासरू

आज सकाळी ताप उतरला, चोंदलेलं नाक मोकळं झालं आणि मला कळलं की माझ्या पोट्टीच्या, म्हणजे लेकीच्या, कपड्याला पोट्टीचा वासच येत नाही. कपडा म्हणजे काय, तळहाताहून थोडा मोठा, जुन्या धोतराचा मऊ चौकोनी तुकडा. असे तीन आहेत. एक माझ्या पोलक्यात, छातीशी. दुसरा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत, पोट्टीच्या गालाखाली. तिसरा वाटेवर, पिशवीत. रोज त्यांची अदलाबदल होते. तिला माझा वास मिळावा, मला तिचा मिळावा, म्हणजे एकमेकींना न पाहताही आम्ही मायलेकी राहू आणि माझं दूध आटणार नाही, अशी ती तिकडच्या रिता सिस्टरची युक्ती. मी कपडा नाकाशी धरला. साबण. साबणाच्या मागून कडुलिंब. कडुलिंबाच्या मागून धूर, ओव्याचा. बस. घडी मोडून हुंगला, उलटा करून हुंगला, शेवटी कोपरा तोंडात घेऊन चोखून पाहिला. लेकराचं त्यात काही नव्हतं.

आई खाटेशी बसून डबा उघडत होती. आई म्हणजे माझी सासू, रुखमाबाई, एकोडीची. माझ्या आईला मी माय म्हणते, ती नाकाडोंगरीला असते आणि गुडघ्यांमुळे तिला एसटीत चढवत नाही. मी आईला विचारलं, पोट्टी कशी आहे. ती म्हणाली, मस्त हाय. आणि डब्याचं झाकण लागत नव्हतं ते लावत बसली, आत्ताच उघडलेलं. तापात हे 'मस्त' कानावर पडलं की बरं वाटायचं, मी डोळे मिटून घ्यायची. आज शुद्धीत होते म्हणून दिसलं, मस्त म्हणताना ही बाई माझ्याकडे पाहत नाही. ही बाई, जी मला पाहायला आली तेव्हा माझ्या डोळ्यांत डोळे घालून माझीच मान खाली गेल्यावर चहाला हात लावणारी! तिला आता डब्यातल्या वरणात काय एवढं दिसतं?

मी भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानात काउंटरला असते. वीरेंद्र, माझा नवरा, एकोडीत शेती पाहतो, आठवड्यातून दोनदा येतो. बाकी मी, माझी भाड्याची खोली आणि दुकान. दिवसभर लोटे, पाण्याचे गुंड, समया. हातांना चिंचेचा आणि पितळेचा वास इतका बसलाय की भाकर थापली तरी तिला तो लागतो, असं वीरेंद्र चिडवतो. त्या दिवशीही मी एका गिऱ्हाइकाला समई दाखवत होते. समईच्या दोन समया झाल्या, मग तीन, मग काहीच राहिलं नाही. जागी झाले तेव्हा पोट रिकामं होतं. दिवस भरायला बराच अवकाश होता, पण रक्तदाब चढला, झटके आले, डॉक्टरांनी पोट फाडून पोट्टीला काढलं. इथे पेटी नाही, म्हणून तिला लगेच तिकडे हलवलं. मी तिला पाहिलं असं म्हणतात. मला आठवतं ते एक पाऊल, हिरव्या कापडातून बाहेर आलेलं, जांभळट, माझ्या अंगठ्याएवढं. तेवढीच माझी मुलगी. मग मला ताप भरला. तापकरी बाईला पेटीच्या खोलीत घेत नाहीत, आत मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे फोटोही नाही. आणि खरं सांगते, त्या पावलाबद्दल मला माया वगैरे काही वाटली नव्हती. भीती वाटली होती. लोक म्हणतात लेकरू पाहिलं की आईला आपोआप सगळं कळतं. मला काही कळलं नाही, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

पहिला कपडा मात्र खरा होता, हे मी शपथेवर सांगेन. तो वीरेंद्रने थेट तिथून आणून माझ्या हातात दिला होता. त्याला स्पिरिटचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा एक, तांदूळ धुतलेल्या पाण्याचा असतो तसा, कच्चा, कोमट. मी तो हुंगला आणि पाठीतून काहीतरी सरसरत आलं आणि पोलकं भिजलं. वीरेंद्र दाराकडे तोंड करून उभा राहिला, लाजून. पिळलेल्या दुधाने वाटी भरली होती त्या दिवशी. मग धान चुरायचं होतं, मळणी होती, म्हणून तो गावी गेला आणि कपडा नेण्या-आणण्याचं काम आईकडे आलं. आई राहते तिच्या बहिणीकडे, मनकर्णा मावशीकडे. मावशीचं घर दोन्ही दवाखान्यांच्या मधोमध आहे. सकाळी इथून माझं दूध आणि माझा कपडा घेऊन निघते, मावशीकडे थांबते, दुपारी तिकडे पोचवते. तिकडून पोट्टीचा कपडा घेते, परत मावशीकडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे. आणि त्या दिवसापासून माझं दूध कमी कमी होत गेलं. काल वाटीचा तळही झाकला नाही. इथली नर्स म्हणाली, तापामुळे होतं. असेल बापा. पण दूध घेऊन गेलेली बाटली परत येते ती धुतलेली. वाटी येते ती धुतलेली. कपडा येतो तोही धुतल्यासारखा. कोणी प्यायलं, कोण झोपलं, याची एक खूण म्हणून मागे राहत नाही. आईचं दूध कोणाच्या पायाखाली येऊ नये, उरलं तर झाडाच्या बुडाशी ओततात. मावशीच्या अंगणात झाड आहे.

एकदा मनात आलं की मग सगळंच तिकडे बोट दाखवू लागतं. आईने इतक्या दिवसांत देवाला हात लावला नाही, कुंकू फिकं, डोक्याला तेल नाही. सोयर आहे म्हणून, असं मी धरून चालले होते. पण सोयरात जे पाळतात तेच सुतकात पाळतात, मग बाहेरून पाहणाऱ्याने ओळखायचं कसं? कडुलिंब बाळंतिणीच्या दाराला खोचतात आणि घाटावरून आलेले लोकही कडुलिंबाचाच पाला चावून घरात शिरतात. धुरी बाळाला देतात, आणि माणूस नेल्यावर घरालाही देतात. आपल्या लोकांनी जन्माला आणि मरणाला वेगळं सामान काहून ठेवलं नाही, कोणास ठाऊक. परवा वीरेंद्र आला होता तेव्हा त्याचे डोळे लाल होते. धानाचा कोंडा गेला म्हणाला. पोट्टीचं काही बोलला नाही, थ्रेशरवाल्याच्या नावाने बोटं मोडत बसला, माझ्यासाठी आणलेलं संत्रं स्वतःच सोलून खाल्लं आणि निघून गेला. तापात मला त्याचं हसू आलं होतं. आता तो संत्र्याच्या फोडी कशा एकामागून एक, न चावता गिळत होता, ते डोळ्यांपुढून हलेना.

आणि मग ती कपिली आठवली. खरं तर कपडा हुंगल्या हुंगल्याच ती मनात आली होती, मीच तिला दारात थोपवून धरलं होतं. नाकाडोंगरीला माझ्या बापाची, दादाजीची, गाय. तिचं वासरू जन्मून थोड्याच दिवसांत मेलं आणि गाय पान्हा चोरू लागली. बापाने वासराचं कातडं काढलं, मीठ चोळून वाळवलं, आत तणीस ठासली आणि सुतळीने शिवून टाकलं. धानाच्या काडीने भरलेलं वासरू. पाय नव्हते, डोळ्यांच्या जागी भोकं होती. धार काढायच्या वेळी बाप ते कपिलीच्या तोंडापुढे ठेवायचा. ती चाटायची. मान लांब करून, डोळे अर्धे मिटून चाटायची, आणि बादलीत धार वाजू लागायची. मला ते पाहवत नसे आणि तिथून हलवतही नसे. मी मायला विचारलं होतं, तिले समजत नाही का? माय चुलीपुढून म्हणाली होती, "समजते वो बाई. पन वास आला का आंग आयकत नाई." मग एक दिवस ते वासरू अंगणात राहिलं आणि पावसात रातभर भिजलं. वास धुऊन गेला. सकाळी कपिलीने त्याला हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि शिंगाने असं उडवलं की तणीस अंगणभर झाली. त्यानंतर तिने दूध दिलं नाही. मी खाटेवर कपडा मुठीत धरून बसले होते, माझी छाती कोरडी होती, आणि मला वाटलं, माझ्या अंगाला कळलंय. मलाच सांगायचं राहिलंय.

मी तिकडच्या दवाखान्यात फोन लावला. कोणी पुरुष बोलला, फोनवर सांगत नाही, नातेवाइकाले पाठवा. मी आई आहे म्हटलं. तो म्हणाला, आई असन तं या ना. वीरेंद्रला लावला, मागे मशीन धडधडत होतं, त्याने ओरडून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, तुला माहीत असेल ते सांग. तो म्हणाला, मले काय माहीत, आई सांगते तेच, मस्त हाय म्हनते. म्हणजे गावी गेल्यापासून त्यानेही पाहिलेलं नाही. त्यालाही त्या एका शब्दावर ठेवलंय. मी पाय खाली सोडले. टाके ओढले गेले, तोंडातून हुंकार निघाला. आई धावली. टाके उसवतील, म्हणाली. डॉक्टरनं उद्याचं सांगतलं, ताप आजच उतरला, उद्या जाऊ, मी नेतो ना तुले उद्या. ती माझा दंड धरून मला खाली बसवत होती आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"आई," मी म्हटलं, "पोट्टी हाय का गेली, एवढंच सांगा."

तिने स्वतःच्या तोंडावर हलकेच मारून घेतलं, माझ्या अभद्र बोलण्याबद्दल, आणि पिशवी उचलली. म्हणाली, चाल. बस एवढंच, चाल. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पोट्टी वाचली असती तर आईने मला दोन शिव्या दिल्या असत्या, असंच मला वाटलं.

ऑटोत बसताना मी पोटाखाली उशी धरली. थंडीचं कोवळं ऊन होतं, दुकानं उघडत होती, आमच्या दुकानापुढे मालक हार घालून कुलपाला नमस्कार करत होता. त्याने मला पाहिलं नाही. प्रत्येक गचक्याला पोट फाटत होतं आणि मला त्या दुखण्याचा आधार वाटत होता. तेवढं तरी खरं होतं. मी मनाशी ठरवत होते, तिथे गेल्यावर काय करायचं. रडायचं नाही. पाऊल पाहायला मागायचं. पाऊल मी ओळखेन, बाकी काही मला माहीतच नाही तिचं. मग वाटलं, हे मी काय करून राहिली, जिचं तोंड पाहिलं नाही तिच्या मातीची तयारी करून राहिली. माझी तर माया फुटली नव्हती, मग हे आतून कातडं सोलल्यासारखं काय होतंय? शेजारी आई पिशवी पोटाशी घट्ट धरून बसली होती आणि पुटपुटत होती. एकदा वाटलं ती मला काही सांगेल. तोंड उघडलंही तिने. मग ऑटोवाल्याला म्हणाली, भाऊ, खड्डे पाहून चाल, ओली बाळंतीण हाय.

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत मी वर गेले. पेटीच्या खोलीबाहेर बाकडं होतं, त्यावर बाया बसल्या होत्या, सगळ्यांच्या मांडीवर रिकामे हात. दारातल्या माणसाने नाव विचारलं. मी दामिनी म्हटलं. तो आत ओरडला, "सिस्टर, दामिनीच्या बाळाची आई आली." मी भिंत धरली. दामिनीचं बाळ. माझ्याच नावाने तिथे कोणीतरी राहत होतं इतके दिवस, आणि त्या माणसाचा आवाज साधा होता, मेलेल्याचं नाव घेताना माणसं असा आवाज काढत नाहीत. रिता सिस्टर बाहेर आली. ठेंगणी, चष्म्यातून वर पाहत बोलणारी. माझ्या कपाळाला हात लावला, थर्मामीटर लावला, हात कोपरापर्यंत धुवायला लावले, गाऊन दिला. म्हणाली, इतक्या उशिरा आल्या, ती वाट पाहून दमली ना.

होती. पेटीत होती. पाऊल आता जांभळं नव्हतं, गुलाबी होतं, टाचेवर सुईच्या खुणा होत्या. नाकात नळी, डोक्यावर विणलेली टोपी, पाठीचे मणके सुतळीच्या गाठींसारखे. श्वास घेत होती, थांबत होती, पुन्हा घेत होती. मी पाऊल ओळखलं. सिस्टरने मागे खुर्ची सरकवली, मी बसले. मी काय बोलले मला आठवत नाही. सिस्टर सांगते की मी तिला विचारलं, हिला दूध कोण देते. आणि ती म्हणाली, तुम्हीच देता, रोज येते ना तुमचं, नळीतून देतो आम्ही.

मग तिने मला खुर्चीत मागे रेलायला लावलं, गाऊन पुढून सोडला आणि पोट्टीला वायरींसकट उचलून माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली, कातडीला कातडी, वरून चादर. वजन म्हणाल तर एका लोट्याएवढं. मला वाटलं, आता होईल. आता ती मला ओळखेल, मी तिला, ज्याला माया म्हणतात ते आत्ता, या मिनिटाला येईल. पण ती ताठ झाली. तोंड उघडून डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं, नाक माझ्या छातीवर घासलं आणि रडू लागली, आवाज नसलेलं, नुसतं तोंडाचं रडणं. यंत्रावरचा आकडा उतरू लागला आणि ते टुंटुं वाजू लागलं. मी हलायची थांबले. तिला मी आवडले नाही, हे इतकं साफ होतं की मला कोणाला विचारायची गरजच वाटली नाही. ती कोणाला तरी शोधत होती आणि ती बाई मी नव्हते.

घाबरू नका, सिस्टर म्हणाली आणि दाराकडे वळून आईला म्हणाली, रोजचा कपडा आणला का? आईने पिशवीतून एक कपडा काढला, माझा, काल इथे आणायचा राहिलेला, घडी घातलेला. सिस्टरने तो माझ्या गळ्याशी, पोट्टीच्या नाकापाशी ठेवला. ओवा, कडुलिंब, धूर. पोट्टीचं डोकं वळायचं थांबलं. गाल कपड्यावर टेकला. मूठ उघडली आणि माझ्या कातडीवर पसरली. टुंटुं बंद झालं. सिस्टरने खाली वाकून कपड्याचा वास घेतला आणि चष्म्यावरून दाराकडे पाहिलं.

"बाई, हा धुतला तुम्ही?"

"धुतला," आई म्हणाली. आता ती माझ्याकडे पाहत होती, पहिल्यासारखी, सरळ. "रोजच धुतला. हिच्या आंगात ताप, घाम, रगत. येवढुशा जिवाच्या तोंडाशी तसाच कसा देऊ? कडुलिंबाच्या पान्यात उकळला, मनकर्णीच्या शेगडीवर ओव्याची धुरी देल्ली. अन् पोट्टीचा कपडा, सुया-औषधाचा, तो ओल्या बाळंतिणीच्या उराशी कसा ठेवू? तोही धुतला. तुमी धुऊ नोका सांगतलं होतं, म्हनून बोलली नाई."

मला इतका राग आला की छातीवर पोट्टी नसती तर मी उठून काय केलं असतं सांगता येत नाही. सातव्या महिन्यात हिच्याशी याच धुरीवरून भांडले होते मी. बाळंतपण झाल्यावर शेगडीवर बस, धुरी घे, म्हणाली होती, आणि मी म्हटलं होतं, मी काही भाजायचा भुट्टा नाही. तेव्हा गप्प बसली होती. आणि मग माझ्यामागे माझ्याच लेकराला माझ्या नावाने मावशीची शेगडी हुंगायला दिली. इतके दिवस पोट्टी रात्रंदिवस त्या धुराला माय समजून गाल लावून निजत होती, आणि इकडे मी कपिलीसारखी. मी तोंड उघडलं. चांगलं ऐकवणार होते.

चादर सरकली होती. आई दारातून परवानगी न विचारता आत आली आणि ती नीट करायला माझ्यावर वाकली. तिचा पदर माझ्या तोंडावरून गेला. सगळा पदर तोच, ओवा, कडुलिंब, धूर. पाठीतून सरसरत आलं. मला थांबवता आलं नाही. मी रागात होते, दात आवळलेले होते, आणि दूध दोन्हीकडून आलं, पोट्टीच्या गालावर, टोपीवर, त्या कपड्यावर, माझ्या पोटावरून खाली. तापात नाक चोंदलंय असं मीच समजत होते. दूध आटलं होतं ते तापाने, अंग मात्र रोज रात्री तो कपडा हुंगत होतं आणि त्यालाच माझी मुलगी म्हणून शिकून बसलं होतं. पोट्टीने जीभ काढली. एवढीशी. चाटलं आणि गिळलं, आणि मी मोठ्याने रडले, इतक्या मोठ्याने की शेजारच्या पेटीतलं बाळ दचकलं. माझी आहे, माझी आहे, असं काहीतरी म्हणत होते.

आई बाजूला उभी होती, हात पुढे घेऊन, जणू तिची शिक्षा अजून सुनावायची राहिली आहे. सिस्टरने तिला समजावून सांगितलं, उद्यापासून कपडा तसाच आणायचा, हिच्या अंगावरचा, पाणी लावायचं नाही. आईने मान हलवली. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, मंग धुरी बी नोको देऊ?

पोट्टीचं नाक कपड्याच्या एका कोपऱ्यात खुपसलेलं होतं. माझं दूध अजून वाहत होतं.

"कपडा धुऊ नोका," मी म्हटलं. "धुरी मले द्या."